घरगाडीच्या दांडीखालचा गोळा

मित्रांनो, एखाद्या जीपच्या मागे, नंबरपाटीच्या खाली, मोठ्या लिंबाएवढा लोखंडी गोळा बसवलेला तुम्ही पाहिला आहे का? तसाच एक जुना, घासलेला गोळा मी आहे. माझ्यावर एक लोखंडी वाटी उपडी बसते. वाटीच्या मागे लांब दांडी असते आणि दांडीच्या मागे दोन चाकांवरचे एक घर. जीप पुढे जाते, घर मागून येते, आणि त्या दोघांमध्ये जे काही बिनसते ते माझ्या डोक्यावर आदळते. त्यामुळे स्वस्थ बसणे मला फारसे ठाऊक नाही. आजही जीप उभी असली, तरी मी कान टवकारूनच असतो.

माझा जन्म बेंगळुरूच्या पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतला. तिथे पत्र्याच्या एका शेडमध्ये नागोजी नावाच्या गृहस्थांचा लेथ होता. एका मोडीत निघालेल्या लॉरीच्या आसाचा तुकडा त्यांनी उचलला आणि लेथच्या चकात धरला. चक म्हणजे लेथची मूठ. तीन जबड्यांची, एकट्या माणसाला जेमतेम उचलता येईल इतकी जड. त्या मुठीत मी गरगर फिरत होतो आणि माझ्या अंगावरून लोखंडाच्या निळसर कुरळ्या उडत होत्या. या जगात मला पहिल्यांदा कळले ते हेच, की आपल्याला कुणीतरी घट्ट धरले आहे.

नागोजींच्या घराण्याला या गावात येऊन तीन-चारशे वर्षे झाली असतील. घरात मराठी, दारात कन्नड. त्यांच्या पत्नी सकवारबाई माहेरच्या होसकोट्याकडच्या. लग्न होऊन बेंगळुरूच्या यशवंतपुरात, नागोजींच्या घरी आल्यापासून त्यांनी एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती. कारण देव्हाऱ्यातले चांदीचे टाक. त्यांच्यापुढे रोज दिवा लागायचा, आणि लावायला दुसरे कुणी नव्हते. मुलगी भव्या दूरच्या कॉलेजात शिकवायची, आठवड्याला एकदा यायची.

"एक दिवस देवांना पिशवीत घालून नेऊ की," नागोजी म्हणायचे.

"देव काय भाजी आहेत, पिशवीत घालायला?" सकवारबाई म्हणायच्या आणि विषय संपायचा.

पुढे सकवारबाईंच्या पाठीचा एक मणका खचला. डॉक्टरांनी सांगितले, की काही महिन्यांनी यांना फार वेळ बसताही येणार नाही, आणि गचके तर अजिबात चालणार नाहीत. घरी आल्यावर सकवारबाई एवढेच म्हणाल्या, "एकदा तरी सकाळी उठून विचारायचं होतं, आपण कुठं आहोत म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून नागोजींनी शेडमध्ये घरगाडी बांधायला घेतली. देव येत नसतील, तर देवघरच जीपमागे बांधून न्यायचे. कावेरीच्या काठी तलकाडूला जायचे, एक रात्र राहायचे, परत यायचे. बेत इतका साधा होता. मी त्याच्यासाठीच जन्मलो.

शेजारच्या शेडमध्ये लॉरीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बनवणारे देवाप्पा होते, मूळचे बेळगावकडचे. ते चहाचा ग्लास घेऊन दारात उभे राहत.

"काय नागोजीअण्णा, देवळाला चाकं लावायलासा काय?"

"तुझे पाटे दे चांगले. देऊळ मोडलं तर तुझ्या माथी पाप."

"माझे पाटे लॉरीचे हाईत. सिमेंटची पोती घालून बघा, हलणार न्हाईत."

आणि पहिली चूक तिथेच झाली. ते पाटे इतके ताठ होते की हलकी घरगाडी त्यांच्यावर बसायचीच नाही. रस्त्यातल्या खड्यावरून चाक गेले तरी ती टुणकन उडायची. वाटी माझ्या डोक्यावर ठक्‌ करून आपटायची. नागोजी आणि देवाप्पा दर रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात मला घेऊन जात. पाट्यांमधली दोन पाने काढली. चाकांतली हवा कमी केली. दोन्ही बाजूंना शॉकअप बसवले, म्हणजे एकदा उसळलेली गाडी उसळतच राहू नये. दांडी जमिनीला समांतर यावी म्हणून माझी लोखंडी मान थोडी उंच केली. मग एका रविवारी रिकामी घरगाडी मैदानभर अशी फिरली, की नागोजींनी पायरीवर ठेवलेला चहाचा ग्लास सांडला नाही.

"बघ, बघ!" ते ओरडले. "ग्लास बघ, देवाप्पा!"

"बघिटलो. आता ग्लास परत द्या, कँटीनचा हाय."

त्या दिवशी नागोजींनी मला कापडाने पुसले, बोटाने ग्रीस लावले आणि धूळ बसू नये म्हणून वर अर्धी करवंटी झाकली. माझ्या आयुष्यातला तो मानाचा दिवस होता.

मग घरगाडी भरली, आणि दुसरी चूक झाली. ही चूक मात्र यांच्यासारख्या घरातच होऊ शकते. देव्हारा सगळ्यांत पुढे, दांडीच्या अगदी वर, भिंतीला बसवला होता. देवांच्या शेजारी चपला नकोत, म्हणून त्या मागे. गॅसची टाकी नको, मागे. न्हाणीच्या पाण्याची टाकी तर नकोच, अगदी मागे. देवांकडे पाय होऊ नयेत म्हणून पलंगसुद्धा मागे सरकला. पुढे उरले चांदीचे सहा टाक, एक समई आणि तांब्या. सगळे घर शेपटीकडे कलले. हे सर्वांत आधी कुणाला कळले असेल, तर मला. वाटी माझ्यावर बसली, पण भार आला नाही. नुसता हात लावल्यासारखे वाटले.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, डोक्यावर ओझे कमी, मग गोळ्याला आनंदच व्हायला हवा. पण मी त्यासाठी केलेला नाही. माझ्यावर नीट दाब असेल तर दांडी जागेवर राहते. दाब नसेल तर मागचे जड टोक खाली-वर होते, दांडी उसळते, आणि उसळताना जीपची शेपटी धरून हलवते. जीपमध्ये बसलेल्या माणसाला ते गचके थेट कण्यात लागतात.

पुढच्या सीटवर सकवारबाई होत्या, पाठीला पट्टा बांधलेल्या. कनकपुऱ्याच्या अलीकडे एक उंच हंप, म्हणजे गतिरोधक, आहे. त्यावरून घरगाडी उतरली आणि मी वाटीत वर उचलला गेलो, मग खाली आपटलो, पुन्हा वर, पुन्हा खाली. शॉकअप धडपडत होते. पण चूक त्यांच्या हातात नव्हती. मी जीव तोडून ठक्‌-ठक्‌ करत होतो. माझ्याजवळ तेवढीच भाषा आहे.

सकवारबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जरा थांबवता का?" आणि नंतर, बऱ्याच वेळाने, "घरी जाऊ या."

नागोजींनी तो आवाज फार मनाला लावून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोजले. मी बरोबर होतो. वाटी मोजली. तीही बरोबर. पाटे, शॉकअप, चाके, सगळे पाहिले. आत जाऊन देव्हाऱ्यासमोर हात जोडले आणि परत बाहेर येऊन माझ्यासमोर उकिडवे बसले. "काय होतंय तुला?" ते मला विचारत. उत्तर त्यांच्या जोडलेल्या हातांपुढेच होते, पण तिकडे त्यांनी कधी माप लावले नाही. लावायचे असते, हेच त्यांना सुचले नाही.

पुढे एका दुपारी मी शेडच्या दाराशी होतो. आत नागोजी लेथवर काहीतरी कापत होते. कापण्याचा आवाज थांबला. फिरण्याचा चालूच राहिला. लेथ एकसारखा फिरत होता, म्हणून कुणाला काही वाटले नाही. शेवटी देवाप्पांच्या ध्यानात आले, की आत काम होत नाही, नुसते फिरते आहे. ते धावत आले. पण नागोजी गेले होते.

त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिले नाही. जीप यशवंतपुरात घरापाशी उभी राहिली, घरगाडी शेडमागे. करवंटी कुठेतरी उडून गेली. पावसाने ग्रीस धुऊन नेले आणि माझ्या अंगावर तांबडे डाग पडू लागले. पण मला गंजापेक्षा एका गोष्टीने छळले. ते काम अर्धे होते. ज्यासाठी मला घडवले ते झाले नव्हते, आणि का होत नव्हते ते फक्त मला ठाऊक होते. रस्त्याने एखादी लॉरी गेली की मी दचकायचो. वाटायचे, आली दांडी.

एक दिवस भव्या आली. तिने माझ्यापुढे बसून पॉलिश पेपर काढला आणि मला घासू लागली. घासून झाल्यावर तिने बोटाने ग्रीस लावले, अगदी तिच्या अण्णांसारखे, नागोजींसारखे, कडेने आत. मग हात पुसायला काही सापडले नाही म्हणून तशीच बसून राहिली.

शेड रिकामी करायची होती. लेथ होसकोट्याच्या एका कारखान्याला गेला. पण चक द्यायला सकवारबाई तयार नव्हत्या. "त्यांचा हात असायचा त्यावर," एवढेच त्या म्हणाल्या. यशवंतपूरचे घर दुसऱ्या मजल्यावर, तिथे आता चक कोण चढवणार? म्हणून भव्याने तो आणि अण्णांच्या हत्यारांच्या दोन पेट्या देवाप्पांच्या मदतीने घरगाडीत टाकल्या. अगदी मागे, पलंगाच्याही पलीकडे. वर एक जाड चादर पसरली आणि दार लावून घेतले.

"पुढं ठेवूया की, ताई. मागं कशाला?" देवाप्पा म्हणाले.

"मागेच असू दे," भव्या म्हणाली. "दिसायला नको."

सकवारबाईंना आता तासभर बसणेही कठीण झाले होते. जायचे तर लगेच, नाहीतर कधीच नाही. भव्याने फोनवर काय काय वाचले, चाकांतली हवा तपासली, शॉकअप पुसून पाहिले. मैदानात देवाप्पांनी तिला दांडी लावून जीप मागे घ्यायला शिकवले.

"उजवीकडं वळवायचं तर चाक डावीकडं, ताई! स्वल्प, स्वल्प! गिड्डप्पाच्या टपरीवर जाऊ नका, तो आधीच रागीट हाय!"

"सरी, सरी! कळलं, ओरडू नका!"

एका पहाटे देव्हाऱ्यात टाक बसले, सकवारबाई पुढच्या सीटवर बसल्या आणि आम्ही निघालो. वाटी माझ्यावर टेकली तेव्हाच मला कळले. पहिल्यापेक्षाही हलकी! मागे तो चक आणि त्या पेट्या. दांडी जणू माझ्यावरून उडून जायची वाट पाहत होती. गावाबाहेर पडेपर्यंत भव्या इतकी हळू चालवत होती की मागच्या रिक्षा शिव्या देत होत्या. पण रस्ता मोकळा झाला, वेग थोडा वाढला, आणि सुरू झाले. ठक्‌. ठक्‌-ठक्‌. मग तो कनकपुऱ्याअलीकडचा हंप.

सकवारबाईंनी दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. भव्याने जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केले.

"परत जाऊ या, आई."

"त्यांनीही इथंच गाडी वळवली होती," सकवारबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. "थोडं थांब. पाठ जरा निवू दे."

भव्या खाली उतरली. जवळून लॉऱ्या जात होत्या. प्रत्येक लॉरीच्या वाऱ्याने घरगाडी डुलायची आणि मी उभ्या जागी खडखडायचो. ती मागे आली. बसायला काही नव्हते, म्हणून दांडीवरच बसली, तोंड फिरवून, खांदे आत घेऊन.

आणि मित्रांनो, माझ्या डोक्यावर भार आला. मी घडल्यापासून ज्याची वाट पाहत होतो तो. खराखुरा, सरळ, खाली दाबणारा भार. एक लॉरी गेली. घरगाडी हलली नाही. मी वाजलो नाही. दुसरी गेली. शांत.

"भव्या," जीपमधून आवाज आला. "गाडी गप्प झाली गं. काय केलंस?"

"काही नाही. बसलेय."

"कुठं?"

"दांडीवर."

"जरा ऊठ बघू."

ती उठली. लॉरी गेली. ठक्‌-ठक्‌.

"बस."

ती बसली. शांत.

"मग तू तिथंच बस," सकवारबाई म्हणाल्या. "गाडी मी चालवते."

भव्या हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि हाताचे ग्रीस गालाला लागले.

"आमच्याकडं बैलगाडी भरताना माझे आजोबा ओरडायचे," सकवारबाई खिडकीतून सांगू लागल्या. "ओझं मागं झालं की गाडी उलार होते. जू बैलाच्या मानेवरनं वर उचलतं. बैल बिचारा नीट चालणार कसा? भव्या, ही गाडी उलार झालीय."

"म्हणजे पुढे वजन हवं. पाण्याची टाकी पुढे आणते, देव्हाऱ्याखाली."

"न्हाणीचं पाणी? देवाखाली? नको."

"गॅस?"

"वेडी आहेस का?"

"आई, मग काय ठेवू? तांब्या?"

मी अस्वस्थ झालो होतो. इतक्या जवळ येऊन या दोघी पुन्हा वळतात की काय! मला ओरडायचे होते, पण भव्या दांडीवर बसलेली, त्यामुळे मला वाजताही येत नव्हते.

"मागं चादरीखाली काय आहे?" सकवारबाईंनी विचारले.

"अण्णांचं सामान."

"चक?"

"हो. आणि पेट्या."

"आयुधपूजेला चक कुठं असायचा गं?"

दर वर्षी खंडेनवमीच्या त्या दिवशी नागोजी लेथवरून चक उतरवत, धूत, दोघांच्या मदतीने घरी आणत आणि देव्हाऱ्यापुढे पाटावर ठेवत. त्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ. लहानपणी भव्या त्याच्या तीन जबड्यांत तीन फुले खोचायची.

"देवापुढे," ती म्हणाली.

"मग त्याला मागं कुणी टाकलं?"

भव्या उठली. घरगाडीचे दार उघडल्याचा आवाज आला. तिने चादर काढली, ती जमिनीवर अंथरली, चक कलवून कलवून तिच्यावर घेतला आणि चादरीची टोके धरून ओढू लागली. मी सगळे ऐकत होतो. लोखंड सरकत होते, थांबत होते, भव्याचा श्वास फुलत होता, पुन्हा लोखंड सरकत होते. चक चाकांच्या वर आला तेव्हा घरगाडी क्षणभर कुठेच कलली नाही. मग तो त्याही पुढे आला आणि दांडी माझ्यावर टेकू लागली. हळूहळू, बोट-बोट. त्यामागून एक पेटी, मग दुसरी. देव्हाऱ्याखाली तिने ते सारे पट्ट्याने घट्ट आवळले. मी त्याचे वजन ओळखले. ज्याने मला पहिल्यांदा धरले होते, तोच आता माझ्या डोक्यावर येऊन बसला होता.

जीप निघाली. थोडे पुढे आणखी एक हंप होता. जीपची चाके चढली, उतरली. घरगाडीची चढली, उतरली. दांडी एकदा खाली वाकली, एकदा वर आली आणि थांबली. बस्स, तेवढेच. शॉकअपनी आपले काम केले, पाट्यांनी आपले, आणि मी माझे. मी इतका गप्प होतो की मला माझीच काळजी वाटली.

मळवळ्ळीच्या पुढे भव्याने हाक मारली, "आई?" उत्तर नाही. तिने घाबरून पाहिले. सकवारबाई मान कलती ठेवून झोपल्या होत्या. जीप सावकाश चालत राहिली. काही वेळाने त्यांनी डोळे न उघडताच विचारले, "थांबलो का गं?"

"नाही, आई. चाललोय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा झोपल्या.

सकाळी तलकाडूला नदीकाठी, घरगाडीतून सकवारबाईंचा आवाज आला. मोर ओरडत होते, वाळूवर कुणीतरी कपडे धूत होते.

"भव्या, आपण कुठं आहोत?"

भव्याने सांगितले नाही. म्हणाली, "ओळख."

मग घंटा वाजली. उदबत्तीचा वास माझ्यापर्यंत आला. टाकांना कुंकू लागले, आणि खाली चकाच्या तिन्ही जबड्यांनाही. झेंडू नव्हता. भव्याने नदीकाठची कसलीशी रानफुले आणून खोचली.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी अजून कामावर आहे, आणि अजूनही पुरता स्वस्थ नाही. सकवारबाईंना आता बसवत नाही. त्या पडून असतात, आणि त्या एका सकाळीबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. घरगाडी देवाप्पांच्या शेडमागे उभी आहे. चक तिच्यातच, पुढे.

तुमच्या घरी ओढायची एखादी गाडी असेल, तर माझे थोडे ऐका. चाकांतली हवा पाहा, पाटे फार ताठ नकोत, शॉकअप गळत नाहीत ना ते तपासा. माझ्यासारख्याला ग्रीस लावा आणि करवंटी का होईना, वर झाका. पण सगळ्यांआधी ओझे कुठे आहे ते पाहा. जे जड आहे, ते दिसू नये म्हणून शेपटीला ढकलू नका. ते पुढे आणा, खाली ठेवा, नीट बांधा. मग ते आपटत नाही.

आणि कुठे ठक्‌-ठक्‌ ऐकू आले तर गाडी जरा थांबवा. खाली उतरून मागे या, आणि दांडीवर क्षणभर बसून पाहा.